सुरुवातीचं रीळ

टांगा गल्लीत शिरला तेव्हा मी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या माहेरच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. टांग्याच्या दोन्ही अंगांना सिनेमाची पोस्टरं टेकवलेली, आणि आत बसलेला माणूस कर्णा तोंडाला लावून ओरडत होता, की उद्यापासून तीन दिवस, मॅटिनीला, एके काळचा गाजलेला मारामारीचा सिनेमा. नाव कानावर आलं आणि हातातली शेंग न फोडताच मी मान वर केली. पोस्टरवर तोच होता, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला, उजवा हात उगारलेला. हात कोपरापर्यंत काळाकुट्ट.

माझा धाकटा भाऊ मागच्या रंगखान्यातून कोपरापर्यंत रंगलेले हात पुसत बाहेर आला. टांगा पुढं जाईपर्यंत त्यानं पोस्टर नीट बघून घेतलं.

"आक्का, ह्योच की तो. तू सांगितलेला," तो म्हणाला. "उद्या जाऊया आपण."

"तूच जा बाबा. माझं डोकं दुखतंय."

"उद्याचं डोकं आजच कसं दुखायलंय तुझं?"

माझी भावजय आतून हसली. मीही हसले, काय करणार. माझा स्वभाव तसा भांडकुदळ. सासरी माळशिरसला माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, सासूसुद्धा अंदाज घेऊन बोलते. पण त्या दिवशी शेंगांचं सूप घेऊन मी आत गेले आणि माजघरात उगाच उभी राहिले.

कशाला भ्यायले ते आता सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या भावाच्या उजव्या हाताची शेवटची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत. तो जेवतो ते अंगठा आणि एका बोटानं घास उचलून. तो सहा वर्षांचा असताना उकळत्या रंगाच्या कढईत त्याचा हात गेला. पाय घसरला असं तो तेव्हा म्हणाला, आणि घरादारानं ते मानलं. पण पाय घसरलेला माणूस दोन्ही हात टाकतो, तोंडावर पडतो. ह्याचा एकच हात गेला, उजवा, कोपरापर्यंत. हे कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे. माझ्या आलं होतं, कारण त्याच्या दोनच दिवस आधी मी त्याला त्या सिनेमाची गोष्ट सांगितली होती.

मी तेव्हा दहा वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकटीच नातेपुत्याला मावशीकडं गेले होते. भावाला कांजिण्या आल्या होत्या म्हणून तो घरी राहिला. तिकडं बाजारतळावर तंबूचा सिनेमा आला होता. मावशीनं मला न्यायचं कबूल केलं, पण मावशीचं कसं, निघायचं म्हटलं की तिला शेळ्या कोंडायच्या आठवणार, मग दाराची कडी, मग वाटेत कुणीतरी भेटणार आणि तिच्या लेकीच्या बाळंतपणाची चौकशी उभ्या उभ्या अर्धा तास चालणार. मी तिचा पदर ओढून ओढून रडकुंडीला आले. आम्ही तंबूत शिरलो तेव्हा पडद्यावर तो गडी काळा हात घेऊन तटावर चढलासुद्धा होता. एक बुक्की मारली की दरवाजा फुटायचा. माणसं शिट्ट्या मारत होती. शेजारच्या बाईला मी विचारलं, की ह्याला एवढी ताकद आली कुठनं. ती म्हणाली, "अगं, तेच तर सुरुवातीला दाखवलं. लई भारी हुतं. तुमी उशीर केला." एवढं बोलून ती परत पडद्याकडं वळली, आणि तिला दुसऱ्यांदा विचारायचा मला धीर झाला नाही.

सोलापूरला परत आले तर भाऊ वाटच बघत होता. अंगावर खपल्या, आणि डोळे ताटलीएवढे. मी त्याला सगळा सिनेमा करून दाखवला. बाजेवरून उड्या मारल्या, डब्यावर बुक्की मारली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं तेच विचारलं.

"पण आक्का, ताकद आली कशी?"

तिथं मला म्हणता आलं असतं, की बाबा, तेवढं मी बघितलं नाही. पण दहा वर्षांची पोर, एकटी परगावी जाऊन सिनेमा बघून आलेली, ती असलं कबूल करते होय? आणि खरं सांगू का, मी सगळंच खोटं रचलं असंही नाही. आमचे अण्णा रंगारी. माळशिरसाकडची कोरडवाहू जमीन भावकीत सोडून ते सोलापूरला आले आणि चादरीच्या सुताला रंग द्यायचं काम शिकले. सुताच्या लडी काठीवर घालून उकळत्या कढईत फिरवायच्या. अण्णांचे हात बाराही महिने कोपरापर्यंत रंगलेले असायचे, कधी लाल, कधी निळे, काळं सूत असलं की काळे. घासून घासून जायचा नाही तो रंग. आमच्या गल्लीत निम्म्या बाप्यांचे हात तसेच. मी जन्मल्यापासून तेच बघत आले होते. तेव्हा कोपरापर्यंत काळा हात बघून मला दुसरं काय वाटणार? मला अगदी मनापासून वाटलं, की हा गडी रंगखान्यातला आहे.

म्हणून मी भावाला सांगितलं, की तो आपल्या अण्णांसारखा रंगारी असतो, आणि एक दिवस तो आपणहून उकळत्या रंगात हात घालतो. बाहेर काढतो तर हात लोखंडाचा.

भावानं मान डोलावली. त्याला ते इतकं पटलं की त्यानं पुढं काही विचारलंच नाही.

दोन दिवसांनी दुपारी अण्णा धुतलेल्या लडी वाळत घालायला मैदानात गेले होते. आई विहिरीवर. मी मोरीत भांडी घासत होते. रंगखान्यातून जी किंकाळी आली ती मला आजही ऐकू येते, भाकरी थापताना, एसटीत बसल्यावर, कधीही. मी पळत गेले. तो कढईपाशी उभा होता, हात पुढं धरून, आणि हात लालभडक. त्या दिवशी लाल रंग होता कढईत. रंग कुठला आणि रक्त कुठलं काही कळत नव्हतं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरलाही कळेना, भाजलंय कुठवर ते. शेजारच्या विणकर बाई तेलुगूत देवाचं नाव घेत होत्या, आई भिंतीवर कपाळ आपटत होती, आणि मी दाराआड उभी राहून एकच गोष्ट मनात म्हणत होते, की ह्यानं माझं नाव घेऊ नये.

त्यानं घेतलं नाही. पाय घसरला म्हणाला.

अण्णांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. कढईवर लाकडी झाकण करून घेतलं, रंगखान्याच्या दाराला उंचावर कडी बसवली, आणि मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, की माझ्या हलगर्जीपणामुळं पोराचा हात गेला. मी ते ऐकत राहिले. लग्न झालं, मला पोरं झाली, अण्णा अंथरुणाला खिळले, तेव्हाही त्यांचे पाय दाबता दाबता मी ते ऐकलं. तोंड उघडलं नाही. अण्णा ते ओझं घेऊनच गेले, आणि माझ्याबद्दल तुम्हाला जे वाटायचं ते वाटू द्या.

आणि आता वीस-एकवीस वर्षांनी, दुष्काळ सरून गल्लीतले माग कुठं पुन्हा नीट चालायला लागले होते तेव्हा, तो सिनेमा परत आला होता. आता माहेर म्हणजे हा भाऊच. आईही राहिली नव्हती. पंचमीला न चुकता न्यायला येणारा, मी ओरडले तरी हसणारा, परत जाताना एसटीत खिडकीपाशी जागा धरून देणारा हा एकच माणूस. उद्या तो खुर्चीत बसणार, सुरुवातीचं रीळ सुरू होणार, आणि त्या गड्याला ताकद कुठनं आली ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार. रंगाची कढई तिथं नसणार. मग तो माझ्याकडं वळून बघणार. त्या बघण्याची मला भीती वाटत होती, बाकी कशाची नाही.

सकाळी मी जमेल तेवढे फाटे फोडले. पोरगी लहान आहे, घाबरेल म्हटलं. त्याची सहा वर्षांची मुलगी लगेच म्हणाली, "मी कुटं घाबरती?" ऊन फार आहे म्हटलं, तर टांगा करू म्हणाला. शेवटी मनात आलं, की हा एकटा गेला तर आणखी वाईट. एकटा बघेल, आणि संध्याकाळी घरात येऊन काहीच न बोलता चहा मागेल. त्यापेक्षा शेजारी बसलेलं बरं. नऊवारीची निरी खोचली आणि निघाले.

थिएटर निम्मं रिकामं होतं. पुढच्या बाकांवर गिरणीतली पोरं, मागं आम्ही तिघं, मधे पोरगी. भाऊ खुशीत होता. की मला तसं वाटत होतं? तो मुळातच कमी बोलणारा, त्याच्या तोंडावरून कधी कळत नाही. त्यानं शेंगदाण्याचा पुडा त्या चिकटलेल्या बोटांच्या आणि अंगठ्याच्या बेचक्यात धरला होता आणि डाव्या हातानं एक एक दाणा पोरीला देत होता. माझ्यापुढंही पुडा केला. मी नको म्हटलं.

आधी सरकारी माहितीपट लागला. कुठलं तरी धरण, कुठले तरी मंत्री फीत कापतायत. एरवी मला असल्या गोष्टींचा मनस्वी कंटाळा, पण त्या दिवशी वाटलं, हे धरण संपूच नये. मग साबणाच्या जाहिराती. मग अंधार. मी खुर्चीचा हात धरला आणि मनात देवाला म्हटलं, वीज घालव, मशीन जळू दे, काहीही कर.

पडदा उजळला, एकदम घोड्यांच्या टापा वाजायला लागल्या, आणि तो गडी तटावर चढत होता. काळा हात घेऊन.

नावं नाहीत, सुरुवात नाही, काही नाही. पुढच्या बाकांवरून बोंब उठली. "रीळ कापलं", "पयलं रीळ कुटं हाय", शिट्ट्या, खुर्च्यांचा खडखडाट. इतक्या गावांत फिरून जुनी प्रत झिजली असेल, पहिलं रीळ कुठल्या तरी गावी राहिलं असेल, कोण जाणे. मला काय त्याचं. माझा जीव भांड्यात पडला. देवानं ऐकलं, असंच वाटलं मला. मी भावाच्या हातातल्या पुड्यातून मूठभर दाणे उचलले आणि तोंडात टाकले. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

आता धीरानं पडद्याकडं बघितलं. आणि बघते तर काय, तो काळा हात म्हणजे साधा हातमोजा होता. कातडी, लांब, कोपराशी गुंड्या लावलेला. एका ठिकाणी तर शिवण उसवलेली दिसत होती. एवढ्यासाठी, म्हटलं. मला हसूही येईना आणि रडूही.

तेवढ्यात पोरगी माझ्या कानाशी आली.

"आत्या, ह्यो बी रंगातच काम करतो का?"

मी तिच्याकडं वळले.

"का गं?"

"त्येचा हात बाबांच्या हातावानी हाय की. म्हणून त्येला ताकद आली व्हय?"

मी काही बोलायच्या आत भाऊ बोलला. पडद्यावरची नजर त्यानं काढली नाही. "आत्याला विचार. सुरुवात कापली म्हणून काय झालं. आत्यानं बघितलाय ह्यो सिनेमा. ताकद कशी आली, ती सांगंल तुला."

तो मस्करी करत होता की मला कात्रीत धरत होता, अंधारात मला कळेना. पण तेव्हा मला त्याची भीती राहिली नाही. दुसरीच भीती मानेवर बसली. ही पोर सकाळी उठल्यापासून रंगखान्यातच खेळते. अण्णांनी उंचावर बसवलेली कडी ही डब्यावर चढून काढते, ते मी कालच बघितलं होतं. माझ्याकडं तोंड वर करून ती वाट बघत होती, आणि मी काय सांगेन ते तिला सगळं पटणार होतं. तिच्या बापाला पटलं होतं तसं.

"नाही," मी म्हटलं. "नाही. रंगाचा काही संबंध नाही. तो हातमोजा आहे, बघ, गुंड्या आहेत त्याला. रंगात हात घातला की हात जळतो, दुसरं काहीही होत नाही. कळलं?"

"मग ताकद कशी आली?"

"मला माहीत नाही. मी सुरुवात कधी बघितलीच नाही. तेव्हाही उशीर झाला होता." आणि मग तिच्या डोक्यावरून, भावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी बोलले. "तुझ्या बाबाला मी खोटं सांगितलं होतं. मनानं रचून सांगितलं."

भाऊ हलला नाही. पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी कड्यावरून ढकललं, पुढची पोरं ओरडली. मी त्याच्याकडं चोरून बघत राहिले. त्याच्या तोंडावर पडद्याचा उजेड कमी-जास्त होत होता आणि त्यातून मला काही म्हणता काही वाचता येत नव्हतं. उठून जाईल, म्हटलं. पोरीला उचलून घेईल आणि मला इथंच सोडून जाईल. माळशिरसची शेवटची गाडी किती वाजता असते ते मी मनात आठवायला लागले. पिशवी घरी होती, ती आणायला त्याच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ? आयुष्यात इतकी भ्यायले नव्हते, पहिल्या बाळंतपणातही नाही.

मध्यंतर झालं. दिवे लागले. पोरं पाणी प्यायला बाहेर पळाली. तो जागचा उठला नाही. पुडा त्यानं नीट दुमडून खिशात ठेवला.

"मला बगायचं हुतं," तो म्हणाला. "सुरुवातीला खरंच तसं हाय का, ते. म्हणून तुला आणली. मग रीळच नव्हतं. म्हनलं, बघू, माझ्या पोरीला काय सांगतीस."

"आणि मी तेच सांगितलं असतं तर?"

"उठून गेलो असतो."

त्यानं पायातली चप्पल काढली, परत घातली.

"मग ते वरडायचं बी खोटंच?"

"कसलं ओरडायचं?"

"तू म्हनली हुतीस की, हात घातल्यावर तोंडातनं आवाज आला तर ताकद येत न्हाय."

मला आठवेना. आजही आठवत नाही. पण मी म्हटलं असणार. गोष्ट रंगवताना दहा वर्षांची पोर असलं काहीतरी म्हणतेच, आणि लगेच विसरून खेळायला जाते.

"मी वरडलो," तो म्हणाला. "म्हणून आली न्हाय, असं धरून बसलो. माझंच चुकलं. मग दवाखान्यात पट्टी सोडायचे तवा गप ऱ्हायचो. म्हनलं, आता न्हाय वरडलो तर अजून बी येईल."

तेव्हा ते सगळं माझ्यापुढं उभं राहिलं. जखमेला चिकटलेली पट्टी कंपाउंडर ओढून काढायचा, दर दोन दिवसांनी, महिनाभर. सहा वर्षांचं पोर बाकावर ताठ बसायचं, ओठ घट्ट मिटून, आणि हूं की चूं करायचं नाही. बाकीचे पेशंट उठून बघायला यायचे. अण्णा घरी येऊन डोळे पुसत सांगायचे, की लई धीराचं पोर हाय.

पोरगी आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. तिनं त्याचा तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"बाबा, लई दुखायचं का?"

"व्हय," तो म्हणाला. "लई दुखायचं."

विचारलं तिनं होतं, पण सांगताना तो माझ्याकडं बघत होता.